एक्सेलमध्ये हेडिंग जागेवर ठेवा: सातवीच्या गुणतक्त्यावर फ्रीझ पेन्सची सगळी रीत

सातवीचा एकत्रित गुणतक्ता एक्सेलमध्ये उघडला की पहिल्या पडद्यावर सगळे ठीक दिसते. डावीकडे हजेरी क्रमांक, जनरल रजिस्टर क्रमांक आणि विद्यार्थ्याचे नाव. वर विषय, त्याखाली आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाची साधने: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, इतर. मग संकलितचे (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे) गुण, मग एकूण, मग श्रेणी. एका विषयाला दहा-बारा कॉलम सहज लागतात आणि विषय आठ-नऊ. पट चाळीसचा असेल तर पंचविसाव्या मुलापाशी पोचेपर्यंत हेडिंग वर निघून गेलेले असते. गणितापर्यंत उजवीकडे सरकलात की नावेही दिसेनाशी होतात. समोर उरतात नुसते आकडे: ७, ४, ६, ५.

अशा वेळी होणारी चूक वाईट जातीची असते, कारण ती सापडत नाही. तोंडी कामाचा गुण प्रकल्पाच्या कॉलममध्ये पडला तरी आकारिकची बेरीज तीच येते. सूत्र तक्रार करत नाही. एक ओळ चुकली तर त्याहून वाईट: एका मुलाचे गुण शेजारच्या मुलाच्या नावावर जातात आणि तिथून थेट प्रगतिपुस्तकात उतरतात. सातवीला आकारिकचे ४० आणि संकलितचे ६० असे शंभर धरले जातात. त्यात पाच-सहा गुण इकडचे तिकडे झाले की श्रेणी बदलू शकते. वर्गशिक्षकाने कितीही मन लावून भरले तरी हेडिंग डोळ्यांसमोर नसेल तर कॉलम लक्षात ठेवून भरावा लागतो, आणि शंभर कॉलम कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. म्हणून हेडिंग आणि नावे फ्रीझ करणे, म्हणजे पडदा सरकवला तरी ती जागेवर थांबतील असे करणे, हे पहिला गुण भरण्याआधीचे काम आहे.

पुढचे सगळे विंडोजवरच्या एक्सेलला धरून सांगितले आहे. गुगल शीट्स, लिब्रेऑफिस आणि मोबाइलवर काय बदलते ते नंतर येईल.

नियम एकच आहे

व्ह्यू टॅबमध्ये फ्रीझ पेन्स नावाचे बटण असते. त्यावर क्लिक केले की तीन पर्याय उघडतात: फ्रीझ पेन्स, फ्रीझ टॉप रो आणि फ्रीझ फर्स्ट कॉलम. यातला पहिला पर्याय नीट समजला की बाकीच्या दोघांची फारशी गरज उरत नाही.

त्याचा नियम असा: तुम्ही जो सेल, म्हणजे तक्त्यातले जे घर, निवडला असेल, त्याच्या वरच्या सगळ्या ओळी आणि त्याच्या डावीकडचे सगळे कॉलम जागेवर थांबतात. निवडलेला सेल स्वतः थांबत नाही. सरकणारा भाग त्याच्यापासून सुरू होतो. बहुतेकांची गडबड इथेच होते, कारण हात आपोआप हेडिंगवरच जातो. हेडिंगची ओळ निवडून फ्रीझ केले की हेडिंगच्या वरचे तेवढे थांबते आणि हेडिंग मात्र सरकून जाते. क्लिक हेडिंगवर करायचे नाही. जिथून खरी माहिती सुरू होते त्या पहिल्या घरात करायचे.

आपल्या तक्त्यात ते घर शोधू. समजा ओळ १ मध्ये शाळेचे नाव आहे, ओळ २ मध्ये इयत्ता, तुकडी आणि शैक्षणिक वर्ष, ओळ ३ रिकामी, ओळ ४ मध्ये विषय आणि ओळ ५ मध्ये साधनांची नावे. पहिला विद्यार्थी ओळ ६ मध्ये आहे. कॉलम ए मध्ये हजेरी क्रमांक, बी मध्ये जनरल रजिस्टर क्रमांक, सी मध्ये नाव, आणि डी पासून गुण. म्हणजे गुणांचा पहिला सेल डी६. तोच निवडायचा.

नुसत्या ओळीच थांबवायच्या असतील, तर डावीकडच्या ६ या आकड्यावर क्लिक करून पूर्ण ओळ निवडा. नुसते कॉलम थांबवायचे असतील, तर वरच्या डी या अक्षरावर क्लिक करून पूर्ण कॉलम निवडा.

पायरीपायरीने

१. आधी कोणी या शीटवर फ्रीझ करून ठेवले आहे का ते पाहा. व्ह्यू टॅबमध्ये फ्रीझ पेन्सवर क्लिक केल्यावर पहिल्याच जागी अनफ्रीझ पेन्स असे दिसले, तर ते दाबून आधीचे काढून टाका.

२. कंट्रोल आणि होम दाबा. पडदा ए१ वर येईल. ही पायरी गाळू नका. का, ते पुढे सांगितले आहे.

३. डी६ वर एकदा क्लिक करा. डबल क्लिक केले तर सेल लिहिण्यासाठी उघडतो आणि मेनू बंद पडतो. तसे झालेच तर एस्केप दाबा.

४. व्ह्यू टॅब, फ्रीझ पेन्स, आणि त्यातला सर्वांत वरचा पर्याय, म्हणजे पुन्हा फ्रीझ पेन्स.

५. आता ओळ ५ च्या खाली आणि कॉलम सी च्या उजवीकडे एकेक बारीक रेघ दिसेल. माउसचे चाक फिरवून शेवटच्या मुलापर्यंत खाली जा, मग उजवीकडे शेवटच्या विषयापर्यंत जा. विषय, साधन आणि नाव तिन्ही दिसत राहिले तर काम झाले.

६. कंट्रोल एसने फाइल सेव्ह करा. फ्रीझ फाइलबरोबर सेव्ह होते. रोज नव्याने करावे लागत नाही.

कीबोर्डवरून करायचे असेल तर डी६ निवडून ऑल्ट दाबून सोडा, मग एकामागून एक डब्ल्यू, एफ, एफ. काढायलाही हाच क्रम चालतो. ज्यांना रोज वेगवेगळ्या तुकड्यांच्या शीटवर काम करावे लागते त्यांनी एवढा क्रम हातात बसवून घ्यावा.  मॅकवर व्ह्यू टॅबमधून करा.

फ्रीझ केल्यावर आणखी एक सोय आपोआप मिळते. कंट्रोल होम दाबले की आता पडदा ए१ वर न जाता डी६ वर जातो, म्हणजे गुण भरायला सुरुवात करायच्या जागी. सामाजिक शास्त्रांचे गुण भरून झाले आणि पुन्हा पहिल्या मुलाच्या पहिल्या विषयावर यायचे आहे, तर एवढे दाबले की पुरते.

वरच्या ओळी गायब होतात तेव्हा

कंट्रोल होम आधी का दाबायचे? एक्सेल फ्रीझ करताना शीटची पहिली ओळ पाहत नाही, पडद्यावर त्या क्षणी सर्वांत वर जी ओळ दिसते आहे तिथून मोजते. समजा तुम्ही थोडे खाली सरकलेले होतात, पडद्यावर ओळ ४ सर्वांत वर होती, आणि तसेच डी६ निवडून फ्रीझ केले. आता ओळी ४ आणि ५ थांबल्या. ओळी १ ते ३ कुठे गेल्या? त्या शीटमध्येच आहेत, पण कितीही वर सरकवले तरी दिसणार नाहीत. पुष्कळ जणांना वाटते की कोणीतरी शाळेचे नाव खोडले किंवा ओळी हाइड केल्या. मग अनहाइड करून पाहतात, तरी येत नाहीत. उपाय साधा आहे: अनफ्रीझ पेन्स, कंट्रोल होम, आणि पुन्हा पहिल्यापासून.

हीच गोष्ट मुद्दाम वापरताही येते. गुण भरताना शाळेचे नाव आणि इयत्ता सतत समोर हवीच असे नाही. तीन ओळींची जागा त्यात जाते. ओळ ४ पडद्याच्या टोकाला आणून मग फ्रीझ केले तर फक्त कामाच्या दोन ओळी थांबतात. फाइल तुम्ही एकटेच वापरत असाल तर हे बिनधास्त करा. मुख्याध्यापक, परीक्षा विभाग आणि चार विषयशिक्षक यांच्या हातून फिरणाऱ्या फाइलमध्ये मात्र हे करू नये. समोरच्याला वरच्या ओळी सापडत नाहीत आणि तो नव्या घालतो.

फ्रीझ करण्याआधी तक्ता नीट मांडा

फ्रीझचा खरा फायदा तक्ता कसा मांडला आहे यावर ठरतो. शाळांमधून फिरणारे तयार तक्ते कागदावरच्या तक्त्यासारखे बनवलेले असतात: वर मोठ्या अक्षरात शाळेचे नाव, पत्ता, युडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), मग रिकाम्या ओळी, मग जोडलेल्या घरांमध्ये विषय. कागदावर ते शोभते. पडद्यावर मात्र थांबवलेला प्रत्येक भाग सरकणाऱ्या भागाची जागा खातो. शाळेतल्या बऱ्याच लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ चा असतो. त्यावर वरची रिबन (बटणांची पट्टी), खालच्या पट्ट्या आणि उंच हेडिंग वजा केले की मुलांच्या ओळींसाठी जेमतेम अर्धा पडदा उरतो. कंट्रोल एफ१ दाबून रिबन मिटवली तर थोडी जागा मोकळी होते. झूम ८५ टक्के केला तर आणखी थोडी.

पण मुळातला उपाय वेगळा आहे. शाळेचे नाव, पत्ता आणि वर्ष शीटमधून काढा आणि छापील पानाच्या शीर्षात टाका. पेज लेआउट टॅबमध्ये पेज सेटअप गटाच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो. त्यावर क्लिक करून हेडर/फूटर आणि मग कस्टम हेडर. नाव छापताना प्रत्येक पानावर येते, पडद्यावर जागा अडवत नाही. इथे एक जपायचे: इन्सर्ट टॅबमधल्या हेडर अँड फूटर बटणाने हे करू नका. ते बटण शीटला पेज लेआउट व्ह्यूमध्ये नेते, आणि त्या व्ह्यूमध्ये फ्रीझ चालत नाही. फ्रीझ आधीच केलेले असेल तर ते निघून जाईल असा इशारा एक्सेल देते. घाईत ओके दाबले की सगळे मोकळे.

दुसरी गोष्ट जोडलेल्या घरांची. विषयाचे नाव बारा कॉलमवर मर्ज करून मध्यभागी लिहिले, की पहिल्या पडद्यावर ते छान दिसते. उजवीकडे सरकताना मात्र त्या जोडलेल्या घराचा अर्धाच भाग पडद्यावर राहतो आणि नाव नेमके दडलेल्या अर्ध्यात असते. वरची ओळ थांबलेली आहे, तरी समोरचे चाचणीचे गुण गणिताचे की विज्ञानाचे, हे कळत नाही. ज्यासाठी फ्रीझ केले तेच हुकले. म्हणून मर्ज काढून टाका आणि विषयाचे नाव बाराही घरांत लिहा. त्याहून चांगले म्हणजे दोन ओळींचे हेडिंग एका ओळीत आणा: गणित तोंडी, गणित प्रकल्प, गणित चाचणी, गणित संकलित लेखी. प्रत्येक कॉलमचे नाव स्वतःपुरते पूर्ण झाले पाहिजे. फिल्टर लावताना, सॉर्ट करताना, पुढे पिव्हट टेबल (गोषवाऱ्याचा तक्ता) करताना, सगळीकडे हे उपयोगी पडते. विषय वेगळे ओळखू यावेत म्हणून प्रत्येक विषयाच्या हेडिंगला फिका वेगळा रंग द्या.

लांब नावांमुळे कॉलम रुंद होत असतील तर होम टॅबमधल्या ओरिएंटेशनमध्ये रोटेट टेक्स्ट अप घ्या. अक्षरे आडवी फिरून खालून वर वाचता येतात आणि कॉलम दोन अंकांपुरता अरुंद ठेवता येतो. त्याच यादीतला व्हर्टिकल टेक्स्ट मात्र देवनागरीसाठी घेऊ नका. अक्षरे एकाखाली एक लागतात आणि जोडाक्षरांचे शब्द वाचवत नाहीत. हेडिंग फिरवायचे नसेल तर रॅप टेक्स्ट करून दोन ओळींत बसवा.

तिसरी गोष्ट डावीकडची. तीन कॉलम थांबवले आणि नावाचा कॉलम आडनाव, नाव, वडिलांचे नाव अशा पूर्ण लांबीचा असेल, तर पडद्याचा मोठा भाग त्यातच जातो. गुण भरताना जनरल रजिस्टर क्रमांक लागत नाही. तो कॉलम गुणांच्या शेवटी न्या किंवा भरण्यापुरता हाइड करा. हजेरी क्रमांक आणि नाव एवढे दोनच पुरेत.

आणि एक मर्यादा लक्षात घ्या. एक्सेल फक्त वरचे आणि डावीकडचे थांबवते. तळाची बेरजेची ओळ किंवा उजव्या टोकाचा श्रेणीचा कॉलम थांबवता येत नाही. मधलीच एखादी ओळही एकटी थांबत नाही. तिच्या वरच्या सगळ्या तिच्याबरोबर येतात. वर्गाची सरासरी सतत समोर हवी असेल तर ती तळाऐवजी हेडिंगच्या वरच्या ओळीत मांडा. ती हेडिंग आणि पहिल्या विद्यार्थ्याच्या मध्ये घालू नका, नाहीतर सॉर्ट करताना सरासरी मुलांमध्ये मिसळते. श्रेणी सतत दिसायला हवी असेल तर तो कॉलम नावाच्या लगेच शेजारी आणा. सूत्राला तो कुठे आहे याने फरक पडत नाही.

बाकीचे दोन पर्याय कधी

फ्रीझ टॉप रो वरची एकच ओळ थांबवतो आणि फ्रीझ फर्स्ट कॉलम डावीकडचा एकच कॉलम. सेल कोणता निवडला आहे याची पर्वा ते करत नाहीत, म्हणून सोपे वाटतात. वर सांगितल्याप्रमाणे हेडिंग एकाच ओळीत आणून ती ओळ १ वर ठेवली असेल, तर नुसत्या खाली जाणाऱ्या यादीला टॉप रो पुरेसा आहे. वाचनालयाची पुस्तकयादी, पोषण आहाराची रोजची नोंद, सोसायटीच्या सभासदांची यादी, अशांना. मात्र हे दोन्ही एकत्र चालत नाहीत. टॉप रो केल्यावर फर्स्ट कॉलम दाबला की टॉप रो निघून जातो. दोन्ही हवे असतील तर बी२ निवडून पहिलाच पर्याय वापरा. टॉप रोसुद्धा पडद्यावर दिसणारी वरची ओळच धरतो, त्यामुळे कंट्रोल होमची सवय इथेही ठेवा.

फ्रीझ पेन्सच्या शेजारीच स्प्लिट नावाचे बटण आहे. त्याने पडद्याचे भाग पडतात आणि प्रत्येक भाग वेगळा सरकवता येतो. पहिल्या सत्राचे गुण वर आणि दुसऱ्या सत्राचे खाली ठेवून एकाच मुलाची तुलना करायची असेल तेव्हा ते कामाचे. रोजच्या भरणीसाठी फ्रीझच बरे, कारण स्प्लिटमध्ये हेडिंगचा भागही चुकून सरकतो. स्प्लिटच्या रेघेवर डबल क्लिक केले की ती जाते.

टेबल केले तर

हेडिंग एका ओळीत असेल तर आणखी एक रस्ता उघडतो. तक्त्यातल्या कोणत्याही सेलवर असताना कंट्रोल टी दाबा, माय टेबल हॅज हेडर्स या चौकटीत खूण आहे ना ते पाहा आणि ओके करा. आता खाली सरकलात की वरच्या ए, बी, सी, डी या अक्षरांच्या जागी तुमची हेडिंग येतात, फिल्टरच्या बाणांसकट. पडद्याची एकही ओळ खर्च होत नाही. खाली नवे नाव लिहिले की टेबल आपोआप वाढते, सूत्रेही खाली उतरतात.

याच्या अटी तीन. कर्सर टेबलच्या आत असला पाहिजे. बाहेरच्या सेलवर क्लिक केले की अक्षरे परत येतात. दोन कॉलमना एकच नाव चालत नाही. आठ विषयांत आठ वेळा नुसते ‘चाचणी’ लिहिले असेल तर एक्सेल त्यांना स्वतःच पुढे आकडे लावते, आणि कोणती चाचणी कोणाची ते कळेनासे होते. म्हणूनच गणित चाचणी, विज्ञान चाचणी असे लिहायचे. तिसरे, टेबलमुळे फक्त हेडिंग दिसते, नावे नाहीत. उजवीकडे सरकल्यावर नावे दिसायला हवीत तर कॉलम फ्रीझ करावेच लागतात. टेबल करून वर नावाचे कॉलम फ्रीझ करणे ही रुंद गुणतक्त्यासाठी माझ्या मते सर्वांत चांगली जोडी आहे.

गुगल शीट्समध्ये

एकच तक्ता सगळे विषयशिक्षक आपापल्या घरून भरणार असतील तर बहुधा गुगल शीट्स असते. तिथे व्ह्यू मेनूत फ्रीझ आहे. त्यात १ ओळ, २ ओळी आणि निवडलेल्या ओळीपर्यंत असे पर्याय मिळतात, कॉलमचेही तसेच. एक्सेलशी फरक इथे आहे: गुगलमध्ये हेडिंगच्याच शेवटच्या ओळीवर क्लिक करायचे. ओळ ५ पर्यंत थांबवायचे असेल तर ओळ ५ मधला सेल निवडा, मग ‘अप टू रो ५’. एक्सेलची सवय असलेले इथे एक ओळ जास्त थांबवून बसतात. ओळी आणि कॉलम वेगवेगळे, दोनदा फ्रीझ करावे लागतात.

शीटच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात जाड करड्या पट्ट्या असतात; त्या ओढूनही फ्रीझ होते. पण एकाने ओढले की फ्रीझ सगळ्यांसाठी बदलते. विषयशिक्षकांना तेवढे सांगून ठेवा. आणि हेडिंगमध्ये मर्ज केलेली घरे असतील आणि फ्रीझची रेघ त्यांच्या मधून जात असेल, तर गुगल शीट्स फ्रीझ करूच देत नाही.

गुगल शीट्समध्ये फ्रीझचा एक जास्तीचा लाभ आहे. संपूर्ण शीट सॉर्ट करण्याचा पर्याय घेतला तर थांबवलेल्या ओळी तो बाजूला ठेवतो, हेडिंग मुलांच्या यादीत मिसळत नाही. एक्सेलमध्ये फ्रीझचा आणि सॉर्टचा काही संबंध नाही. तिथे सॉर्टच्या खिडकीत माय डेटा हॅज हेडर्सवर खूण आहे की नाही हे दर वेळी पाहावे लागते.

मोबाइलवर गुगल शीट्सच्या अ‍ॅपमध्ये ओळीच्या आकड्यावर किंवा कॉलमच्या अक्षरावर बोट दाबून धरा. मेनू येईल, त्यात आणखी पर्यायांमध्ये फ्रीझ आहे. एक्सेलच्या अ‍ॅपमध्ये सेल निवडून व्ह्यूमध्ये फ्रीझ पेन्स मिळते. पण उभ्या धरलेल्या फोनच्या पडद्यावर दोन कॉलम थांबले तरी बाकीच्याला जागा उरत नाही आणि तक्ता सरकत नाहीसा वाटतो. फोनवर भरणारे असतील तर नावाचा एकच अरुंद कॉलम थांबवा आणि फोन आडवा धरायला सांगा.

लिब्रेऑफिस कॅल्क वापरत असाल तर नियम एक्सेलचाच आहे: डी६ निवडा आणि व्ह्यू मेनूत फ्रीझ रोज अँड कॉलम्स. तेच पुन्हा दाबले की निघते.

छापताना हेडिंग प्रत्येक पानावर

पडद्यावर फ्रीझ केले म्हणून कागदावर हेडिंग दर पानावर येत नाही. त्याची जागा वेगळी आहे आणि निकालपत्रक छापताना ती हटकून लागते.

पेज लेआउट टॅबमध्ये प्रिंट टायटल्सवर क्लिक करा. रोज टू रिपीट ॲट टॉप या चौकटीत क्लिक करून शीटमधल्या हेडिंगच्या ओळी निवडा. कॉलम्स टू रिपीट ॲट लेफ्टमध्ये हजेरी क्रमांक आणि नावाचे कॉलम निवडा. ओके करून कंट्रोल पी ने दुसरे-तिसरे पान पाहा. रुंद तक्ता आडव्या ए४ किंवा लीगल कागदावर चार पानांत फुटला तरी प्रत्येक पानावर विषय आणि मुलाचे नाव येते. मुख्याध्यापकांना सही करताना पाने जुळवत बसावे लागत नाही.

ही चौकट करडी दिसत असेल तर तुम्ही ती प्रिंट प्रिव्ह्यूमधून उघडली आहे. तिथून ती भरता येत नाही. मागे जाऊन पेज लेआउट टॅबमधूनच उघडा. खाली एकापेक्षा जास्त शीट निवडलेल्या असल्या तरीही ती बंद राहते. एकाच शीटच्या नावावर क्लिक करा.

गुगल शीट्समध्ये फ्रीझ केलेल्या ओळीच छापताना पुन्हा आणता येतात. प्रिंटच्या खिडकीत हेडर्स अँड फूटर्स उघडले की रिपीट फ्रोझन रोज आणि रिपीट फ्रोझन कॉलम्स अशा खुणा असतात. लिब्रेऑफिसमध्ये फॉरमॅट मेनू, प्रिंट रेंजेस, एडिट.

अडले तर

फ्रीझचे बटण करडे असेल तर बहुतेक वेळा सेल लिहिण्याच्या अवस्थेत अडकलेला असतो. एंटर किंवा एस्केप दाबा. तसे नसेल तर व्ह्यू टॅबमध्ये नॉर्मलवर क्लिक करा, शीट पेज लेआउटमध्ये असेल. तरीही करडेच असेल तर फाइल प्रोटेक्ट केलेली असू शकते; ज्यांनी फाइल पाठवली त्यांच्याकडे पासवर्ड मागा.

पडद्याच्या अगदी मधोमध चार भाग पडून फ्रीझ झाले असेल तर त्या वेळी ए१ निवडलेला होता. त्याच्या वर आणि डावीकडे थांबवायला काही नाही, म्हणून एक्सेल मधूनच कापते. अनफ्रीझ करा आणि योग्य सेल निवडून पुन्हा करा. कंट्रोल झेड इथे उपयोगाचा नाही, फ्रीझ त्याने मागे जात नाही.

कितीही खाली सरकवले तरी मुलांच्या ओळी हलतच नसतील, तर थांबवलेला भाग पडद्याहून मोठा झाला आहे. झूम कमी करा म्हणजे रेघ दिसेल, मग अनफ्रीझ करून कमी ओळी थांबवा.

एका तुकडीच्या शीटवर केले आणि दुसऱ्या तुकडीवर दिसत नाही, हे बरोबरच आहे. फ्रीझ प्रत्येक शीटचे वेगळे असते. दहा शीट एकत्र निवडून केले तरी समोर उघडलेल्या एकाच शीटवर होते. त्यामुळे नव्या वर्षाचे तक्ते बनवताना एक शीट पूर्ण तयार करा: हेडिंग, रुंदी, फ्रीझ, प्रिंट टायटल्स, सगळे. मग खालच्या शीटच्या नावावर राइट क्लिक, मूव्ह ऑर कॉपी, क्रिएट अ कॉपीवर खूण. प्रतीत फ्रीझ आणि प्रिंट टायटल्स दोन्ही तसेच येतात, फक्त नावे बदलायची.

आणि एखाद्या पोर्टलवर चढवण्यासाठी फाइल सीएसव्ही करायला सांगितली, तर मूळ एक्सेल फाइल वेगळी जपून ठेवा. सीएसव्हीमध्ये फक्त मजकूर आणि आकडे जातात. फ्रीझ, रंग, रुंदी, सूत्रे यातले काहीच राहत नाही. सेव्ह ॲजने सीएसव्ही बनवल्यावर उघडी असलेली फाइल सीएसव्हीच असते, म्हणून ती बंद करा आणि पुढचे गुण मूळ फाइल उघडूनच भरा.